मराठीच्या आतली मुंबई

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला मुंबईच्या बहुरंगीपणावरचा लेख वाचला. लेख मेहनतीने लिहिला आहे. पारशी, बगदादी ज्यू, कच्छी, खोजा, कामाठी, गोवेकर, सगळ्यांची दखल त्यात आहे. मराठी माणसाच्या वाट्याला मात्र दोनच परिच्छेद आले, एक कोळ्यांवर आणि दुसरा गिरणगावावर. म्हणजे रंग सगळे बाकीच्यांचे आणि मराठी तेवढे एकरंगी, असा वाचणाऱ्याचा समज होतो. माझी तक्रार एवढ्याच बाबतीत आहे.

मी पोस्टमन होतो. आधी मांडवीला, नंतर माझगावला. मांडवीची बीट, म्हणजे टपाल वाटायचा माझा भाग, म्हणजे हातगाड्या, गोणी आणि मिरचीची धूळ. शिंकत शिंकतच टपाल वाटायचे. पाकिटावरचे नाव वाचून घरात कुठली भाषा चालत असेल हे ओळखण्याची खोड नव्या पोस्टमनला असते, मलाही होती. मांडवीने ती लवकरच मोडली. नाखुदा मोहल्ल्यातल्या कोकणी मुसलमान घरांना बाणकोट, मुरूड, दापोलीकडून आंतर्देशीय पत्रे यायची. त्यांतली कितीतरी देवनागरीत, सरळ मराठीत लिहिलेली. घरचे पुरुष जहाजावर असायचे. दारात आलेल्या बाईला वाचता येत नसले तर ती म्हणायची, “भाऊ, तेवढे वाचून दाखवा.” भाताची लावणी झाली, म्हैस आटली, धाकट्याचे लग्न ठरते आहे. मी दापोलीकडचाच. माझ्या आजीच्या तोंडचे शब्द त्या पत्रांत जसेच्या तसे सापडायचे. माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) हे याच कोकणी मुसलमानांतले. त्यांनी कुराणावर अरबीत भाष्य लिहिले. त्यांच्या उरुसाला मुंबई पोलिसांकडून मानाची चादर जाते, हे सगळ्यांना ठाऊक असते. हा विद्वान इथल्याच मातीतला होता, ही गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही.

तिथून थोड्या अंतरावर सॅम्युएल स्ट्रीट. तिथे बेने इस्राएलांचे, म्हणजे मराठी बोलणाऱ्या कोकणातल्या ज्यूंचे, सिनेगॉग (प्रार्थनामंदिर) आहे, १७९६ चे, मुंबईतले सर्वांत जुने. बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर, लोकांत सामाजी हसाजी दिवेकर. कंपनीच्या फौजेत असताना ते म्हैसूरकरांच्या कैदेत पडले आणि सुटून आल्यावर त्यांनी हे बांधले, असे सांगतात. त्यांचे लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत. आपल्या लेखात ज्यू म्हणून ससून आले, दिवेकर आले नाहीत. ससून बगदादहून आले. दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर ही मंडळी मात्र अलिबाग-पेणच्या गावांची नावे लावूनच मुंबईत आली. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून वाचलेल्यांचे आपण वंशज, असे ते मानतात. कोकणात ती घाण्यावर तेल काढीत आणि शनिवारी, त्यांच्या धर्मातल्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत.

हा शनिवार माझ्याही वाट्याला आला आहे. एका आजींची मनीऑर्डर असायची आणि ती नेमकी शनिवारी निघाली की पंचाईत. “आज पैशाला हात लावायचा नाही, सही करायची नाही. सोमवारी ये रे बाळा.” मग ती रक्कम परत ऑफिसात जमा करा, सोमवारी पुन्हा काढा. मी वैतागायचो. पण सोमवारी गेले की चहा ठरलेला, आणि आदल्या दिवसांत घरी काही शुभकार्य झाले असेल तर बशीत मलिदाही. पोहे, गूळ, खोबरे आणि वर फळे. मलिद्याच्या विधीच्या वेळी एलियाहू हन्नबी या प्रेषिताची आळवणी हिब्रूत चालते आणि त्यानंतरच्या गप्पा, चेष्टा, जावांची कागाळी सगळी मराठीत. त्यांच्या जुन्या पिढीने बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनेही केली. नवरीला मेंदी आणि हिरवा चुडा असायचा. १९४८ नंतर यातली बहुतेक घरे इस्राएलला गेली. तिकडून ‘मायबोली’ नावाचे मराठी त्रैमासिक निघत असे. राहिले त्यांना २०१६ मध्ये राज्य सरकारने अल्पसंख्याक दर्जा दिला, तो बरोबरच होता. ‘अल्पसंख्याक’ म्हटल्यावर ‘मराठी’ हा शब्द मागे का पडावा, ते मला समजत नाही.

माझगावला बदली झाली तेव्हा तिथे ज्यूंची शाळा भेटली. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल किहीमकरांनी आपल्या समाजासाठी काढलेली ही शाळा पुढे सर एली कदूरींच्या नावाने चालू लागली. तिथल्या पटावर आता बहुतेक नावे मुसलमान मुलांची. बदलत्या वस्तीप्रमाणे शाळाही बदलत गेली, यात वाईट वाटण्यासारखे मला काही दिसत नाही.

आणि माथारपाखाडी, माझगावातली जुनी ख्रिस्ती वस्ती. लाकडी जिने, ओसरी, मध्ये क्रूस. ही ईस्ट इंडियन ख्रिस्ती मंडळी वसई, साष्टी आणि मुंबई बेटांतली, पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झालेली. हे नाव त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या जुबिलीच्या वर्षी, घेतले. गोवा-मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्त्यांपासून आपण वेगळे, इथले, हे सरकारला कळावे म्हणून. ‘इथले’ आहोत हे सांगायला इंग्रजी नाव घ्यावे लागले, ही त्या काळाची गंमतच. पण लग्नाच्या आदल्या दिवशी ‘उंबराचे पाणी’ आणायला वाजत गाजत विहिरीवर जातात तेव्हा गाणी मराठीच असतात. उन्हाळ्यात मसाला कुटून काळ्या बाटल्यांत भरायचा, तो बॉटल मसाला. त्या दिवसांत पाखाडीत टपाल देताना पुन्हा शिंका.

बाहेरून आलेल्यांचे ऋण नाकारण्याचा माझा हेतू मुळीच नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग आहे हे ओळखून सांगणारे डॉ. व्हिएगस गोव्याचे. धोबी तलावाला त्यांचा पुतळा आहे आणि तो असलाच पाहिजे. माझे म्हणणे इतकेच, की मुंबईतली विविधता मोजताना मराठीला एकच घर धरू नका. मराठीच्या आतच मशीद, सिनेगॉग, चर्च आणि मुंबादेवी आहे.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. तेव्हा शिलालेख आणि ताम्रपटांवर भरपूर छापून आले. येत्या २७ फेब्रुवारीला आपण एक पान या मराठींना द्यावे, अशी विनंती आहे. उंबराच्या पाण्याची गाणी, बेने इस्राएलांची कीर्तने, कोकणी मुसलमान बायकांच्या बोलण्यातली मराठी. जाणकार म्हाताऱ्यांकडून ती म्हणवून घ्या आणि जशी म्हटली तशी छापा, शुद्धलेखनाची कात्री न लावता. ही माणसे ऐंशीच्या घरात आहेत, त्यामुळे वार्ताहर लवकर पाठवलेला बरा.

सोबत एक दुरुस्ती. लेखात काका बाप्टिस्टांना गोवेकर म्हटले आहे. जोसेफ बाप्टिस्टा १८६४ मध्ये माझगावच्या माथारपाखाडीत जन्मले. घराणे मूळचे उत्तनचे, ईस्ट इंडियन. टिळकांच्या होमरूल लीगचे १९१६ मधले पहिले अध्यक्ष आणि पुढे १९२५-२६ साली मुंबई महापालिकेचे अध्यक्ष, म्हणजे आजच्या भाषेत महापौर, तेच. माझगावच्या टेकडीवरच्या बागेला त्यांचेच नाव आहे.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन, डोंबिवली (पूर्व)