संगणकशास्त्राच्या तुकड्यांना अनुदान द्या

मा. संपादक,
स. न.

तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. बारावीचा निकाल लागला की पालकांचा एकच प्रश्न असतो : ‘सर, कॉम्प्युटरला घालायचंय, पण परवडंल असं कुठं हाय?’ या प्रश्नाला आज सरळ उत्तर देता येत नाही, आणि त्याला सरकारचे अनुदान धोरण कारणीभूत आहे.

गेल्या वर्षी दोन पालकांनी फीच्या पावत्या माझ्यासमोर ठेवल्या. दोघांच्या मुली एकाच जुन्या अनुदानित महाविद्यालयात आहेत. एक बी.एस्सी. भौतिकशास्त्राला, दुसरी बी.एस्सी. संगणकशास्त्राला. पहिलीचे वर्ष काही हजारांत भागले. दुसरीच्या पावतीवर शिक्षण शुल्क, प्रयोगशाळा शुल्क, विकास शुल्क अशा ओळींखाली जी बेरीज होती, ती पहिलीच्या कित्येक पट. इमारत तीच, प्राचार्य तेच, विद्यापीठही तेच. फक्त संगणकशास्त्राची तुकडी ‘कायम विनाअनुदानित’, त्यामुळे शिकवणाऱ्यांचा पगार मुलांच्या फीतून निघतो. बरे, एवढे मोजून पूर्णवेळ प्राध्यापक तरी मिळावेत, तर बहुतेक जण तासिका तत्त्वावर; वर्ष संपायच्या आत चांगली नोकरी मिळाली की जातात. आमच्या भागात पारंपरिक शास्त्र शाखांच्या अनुदानित जागा रिकाम्या राहत आहेत आणि ज्या विषयाला मुले रांग लावतात, त्याला छदामही नाही. हे अनाकलनीय आहे.

जुलै २०२४ मध्ये सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले. निर्णय चांगलाच आहे. पण तो अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरता, आणि तिथेही प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून (कॅप) झालेला असेल तरच. ‘कॅपची वाट कशाला बघता, आत्ताच सीट पक्की करा’ असे सांगणाऱ्या एजंटाचे ऐकून व्यवस्थापन कोट्यात (संस्था स्वतः भरते त्या जागांत) पैसे भरणारा बाप ही सवलत स्वतःच्या हाताने घालवून बसतो. आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांसाठीची राजर्षी शाहू शिष्यवृत्तीही त्याला मिळत नाही. शिवाय माफी फक्त शिक्षण व परीक्षा शुल्काची. विकास शुल्क, खोलीभाडे आणि मेस घरूनच भरायची असते. उत्पन्नाचा आणि नॉन-क्रिमिलेअरचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवा, असे मी पालकांना कळवळून सांगतो. जूनमध्ये सेतू केंद्रावर केवढी गर्दी उसळते, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

परवडणाऱ्या वाटा अगदीच नाहीत असे नाही, पण त्या गावापर्यंत पोहोचत नाहीत. दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनात संगणक पदविका करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. तंत्रनिकेतनाची वर्षाची फी दहा हजारांच्या आत असते. गरीब घरातल्या हुशार मुलासाठी मला हीच वाट सर्वांत भरवशाची वाटते. इग्नू या मुक्त विद्यापीठाचे बीसीए (संगणकाची पदवी) नोकरी सांभाळून होते. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये जाहीर केलेल्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन पदवीला जेईई लागत नाही. चार आठवडे अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यायची, परीक्षा केंद्रावर बसून. उत्पन्न व प्रवर्गानुसार फीत मोठी सवलत आहे. मात्र शिक्षण इंग्रजीतून आणि गणित कडक. शिवाय ज्या घरात तिघांत मिळून एक मोबाइल आहे, तिथे ऑनलाइन पदवीचा सल्ला देताना माझी जीभ अडखळते.

त्या मुलांना गावाजवळचे कॉलेजच हवे. एसटीच्या पासवर जाऊन-येऊन शिकता येईल, प्रयोगशाळेत संगणक हाताळायला मिळेल आणि अडले तर विचारायला कायमचे प्राध्यापक असतील, असे कॉलेज. म्हणून उच्च शिक्षण विभागाने प्रत्येक तालुक्यात निदान एका अनुदानित महाविद्यालयातील संगणकशास्त्राची तुकडी अनुदानावर घ्यावी आणि तिथे पूर्णवेळ पदे भरावीत. हे होईपर्यंत प्रत्येक महाविद्यालयाला प्रवेशापूर्वी पदवी संपेपर्यंतचा एकूण खर्च, सर्व शुल्कांसह, दर्शनी फलकावर मराठीत लावणे सक्तीचे करावे. आज पहिल्या हप्त्याचा आकडा ऐकून प्रवेश घेतला जातो आणि दुसऱ्या वर्षी मुलगी घरी बसते.

— एक गणित शिक्षक, सातारा जिल्हा