चिनी शब्दांचा क्रम रेघा मोजून नको

महोदय,

चिनीच्या अनेक वर्गांत नवीन अक्षरे रेघा मोजून दिली जातात. दोन-तीन रेघांची आधी, दहा-बारांची मागून, आणि प्रत्येक अक्षर पानभर गिरवायचे. हात बसायला हे ठीक आहे. वाचन अशाने सुधारत नाही. शब्द पटकन ओळखू येतो तो मुख्यतः वारंवार डोळ्यांखालून गेल्यामुळे. ‘शिए-शिए’ (आभार) यातल्या अक्षराला 12 रेघा आहेत, तरी ते लवकर ओळखीचे होते. ‘खंजीर’ या अर्थाच्या शब्दातल्या ‘बी’ला रेघा 2, पण साध्या मजकुरात तो भेटतच नाही, मग लक्षात कसा राहणार? रेघांचा जाच होतो तो क्वचित दिसणाऱ्या अक्षरांत.

‘चित्रलिपी’ या शब्दानेही बरेच नुकसान केले आहे. चित्रावरून आलेली अक्षरे थोडी. बहुसंख्य अक्षरे जोडकामाची: एक भाग अर्थ सुचवतो, दुसरा उच्चार. ‘छिंग’ हा भाग घ्या. त्याला पाण्याची खूण लावली की ‘निर्मळ’, बोलण्याची लावली की ‘विनंती’, हृदयाची लावली की ‘भावना’, सूर्याची लावली की ‘निरभ्र’. चौघांचा उच्चार छिंगच, सूर (आवाजाचा चढउतार) तेवढा सारखा नाही. डोळ्याची खूण लावली की मात्र ‘जिंग’ होते, आणि कुत्र्याची लावली की थेट ‘त्साय’ (तर्क करणे). पहिली चार एकत्र शिकवावीत, जिंग मागाहून, आणि त्साय अपवाद म्हणून वेगळे. विद्यार्थी फसतो तो इथेच. अनोळखी अक्षर दिसले की ओळखीच्या भागाचा उच्चार ठोकून देतो. सराईत चिनी वाचकही क्वचितच्या अक्षरात अशा भागापाशी अडखळतो, रोजच्या अक्षरात त्याला फारसा फरक पडत नाही.

दिसायला सारखी अक्षरे मात्र एका दिवशी देऊ नयेत. ‘वेई’ (अजून नाही) आणि ‘मो’ (शेवट) या दोन्हींना 5 रेघा. वरची आडवी रेघ खालचीपेक्षा आखूड असेल तर वेई, लांब असेल तर मो. एक पक्के झाल्यावरच दुसरे द्यावे, आणि मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचून घ्यावीत.

चीनने 2021 साली चिनी शिकणाऱ्या परकीयांसाठी ठरवलेल्या निकषांत अक्षरे 3000 आहेत आणि शब्द 11,092. खरा अभ्यास अक्षरे जोडून होणाऱ्या शब्दांचा आहे, हे एवढ्यावरून कळावे. ‘हुओ-छ’ म्हणजे आग अधिक गाडी. मराठी माणसाला आगगाडी वेगळी समजावायला नको. पण ‘दोंग-शी’, म्हणजे पूर्व अधिक पश्चिम, याचा रोजच्या बोलण्यातला अर्थ ‘वस्तू’. तिथे फोड करून काही हाती लागत नाही, शब्द अख्खाच घ्यावा लागतो. क्रमही सांभाळायचा: ‘मी-फंग’ मधमाशी, ‘फंग-मी’ मध.

आणखी एक अडचण, शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. पेशवे दफ्तरातली मोडी वाचणाऱ्यांना हे नवे नाही. ‘यान-च्यू-शंग-मिंग’ ही चार अक्षरे दोन-दोन तोडली तर ‘संशोधन’ आणि ‘जीवन’. पहिली तीन एकत्र घेतली तर ‘पदव्युत्तर विद्यार्थी’, आणि ‘मिंग’ एकटा उरतो. चिनी वाचकाची नजर एका वेळी डावीकडचे एक आणि उजवीकडची दोन-तीन अक्षरे टिपते, त्यामुळे तो चुकला तरी लगेच सावरतो. शब्दांमध्ये जागा सोडून छापले तर त्याचा वेग वाढतही नाही, घटतही नाही. शिकणाऱ्याला मात्र अशा जागेचा उपयोग होतो. म्हणून पहिल्या वर्षी उताऱ्याची झेरॉक्स देताना शब्दांमध्ये पेन्सिलीने उभ्या रेघा माराव्यात. नंतर तोच उतारा कोरा द्यावा आणि रेघा विद्यार्थ्यांकडून मारून घ्याव्यात. कुठे चुकले ते पाहिले की पुढच्या तासाला कोणते शब्द घ्यायचे ते ठरवता येते.

– चिनी भाषेच्या दोन शिक्षिका, कोथरूड, पुणे