सीईटीच्या सरावासाठी रविवारी संगणक कक्ष उघडा

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या सक्करदरा भागातल्या एका अभ्यासिकेत मी बारावीच्या मुलांना गणित शिकवते. उमरेड, भिवापूर, पार गडचिरोलीकडून आलेली मुलं इथे खोली करून राहतात. धरमपेठेतल्या क्लासेसची फी त्यांच्या घरच्यांना झेपणारी नाही. तरी अभ्यासात ती कुणाला हार जाणारी नाहीत. अडतं ते एकाच ठिकाणी: ज्या संगणकावर परीक्षा द्यायची, तो सरावाला मिळत नाही.

अभियांत्रिकीसाठीची राज्याची प्रवेश परीक्षा, म्हणजे एमएचटी-सीईटी, 2019 पासून संगणकावर होते. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी बारावीला ठरलेल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गातून 45 टक्के पुरतात. पुढे कुठलं कॉलेज मिळणार, हे बहुतेकांचं सीईटीच्या पर्सेंटाइलवरच ठरतं. पहिल्या 90 मिनिटांत भौतिकशास्त्र-रसायनशास्त्राचे 100 प्रश्न. वेळ संपली की तो भाग आपोआप बंद होतो, पुन्हा उघडत नाही. मग गणित: 50 प्रश्न, 100 गुण, 90 मिनिटं. एका प्रश्नाला 108 सेकंद.

आमच्याकडे एक मुलगा आहे. प्रश्न वाचतानाच तो दिलेल्या किमतींखाली पेन्सिलीने रेघ मारतो, आकृतीवरच कोन लिहितो. फार चांगली सवय आहे ती, मीच लावलेली. ओळखीच्या एका लॅबमध्ये त्याला संगणकावर सराव परीक्षेला बसवलं, तर आधी आकृती कच्च्या कागदावर उतरवून घेण्यात, मग स्क्रीनशी ताडून पाहण्यातच त्याचा वेळ गेला. शेवटचे कितीतरी प्रश्न त्याने उघडलेही नव्हते. आणि ती गणितं त्याला येत होती, साहेब! कागदावर दिली तेव्हा माझ्यासमोर सोडवली त्याने.

मोबाइलवर सराव करा, असं सांगणं सोपं आहे. पण बोटाने सरकवायच्या इवल्याशा पडद्यावर ना माऊसची सवय होते, ना तीन तास ताठ बसून मोठ्या स्क्रीनवर वाचण्याची.

यासाठी नवीन इमारत लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. नागपुरातल्याच सदर भागातलं शासकीय तंत्रनिकेतन आपल्याच खात्याचं आहे. गडचिरोली, ब्रह्मपुरी, साकोली, गोंदिया इथेही शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. त्यांचे संगणक कक्ष रविवारी बारावीच्या मुलांना मोफत उघडून द्या. खऱ्या परीक्षेसारखीच, मध्ये बंद होणाऱ्या दोन भागांची सराव परीक्षा, ही परीक्षा घेणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलने तिथे पुरवावी. देखरेखीला येणाऱ्या कर्मचाऱ्यांना मानधन द्यावं. त्यांची सुट्टी फुकट घेऊ नये. जेईई या देशपातळीवरच्या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेसाठी, ती घेणाऱ्या एनटीए या केंद्राच्या संस्थेने 2018 मध्ये असंच केलं होतं: ग्रामीण मुलांना शनिवार-रविवारी मोफत सराव करता यावा म्हणून देशभर केंद्रं उघडली होती. दिल्लीहून जे होऊ शकलं, ते मुंबईहून का होऊ नये?

डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात असाल. एखाद्या संध्याकाळी अभ्यासिकेत या. मुलं रात्री उशिरापर्यंत असतात, त्यांच्याशीच बोला. अधिवेशन संपायच्या आत परिपत्रक निघालं, तर बोर्डाच्या परीक्षेआधीचे जानेवारीतले सगळे रविवार त्यांच्या हाती लागतील.

आपली,
सक्करदऱ्यातील एक गणित शिक्षिका