भिंत रंगवण्याच्या खर्चात विचारण्याचा खर्चही धरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात उड्डाणपुलाखालच्या एका भित्तिचित्राचा फोटो होता. खाली चित्रकाराचं नाव, उद्घाटनाला आलेल्या चौघांची नावं, रंग पुरवणाऱ्या कंपनीचं नाव. ज्यांनी हे सगळं जुळवून आणलं त्यांच्या वाट्याला ‘एका स्वयंसेवी संस्थेच्या सहकार्याने’ एवढेच शब्द आले. या ‘सहकार्या’त काय काय येतं ते मी जवळून पाहिलंय, म्हणून हे पत्र.

मी शाळेत चित्रकला शिकवायचे. आमच्या चाळीसमोर एका शाळेची लांब कुंपणभिंत आहे. सात-आठ वर्षांपूर्वी एका छोट्या संस्थेच्या दोन मुली ऐन पाण्याच्या वेळेला चाळीत आल्या. हातात ना ब्रश, ना डबा. एक वही तेवढी. ‘समोरच्या भिंतीवर काय बघायला आवडेल?’ असं दारोदार विचारत होत्या. आम्हाला वाटलं, मतदार यादीवाल्या. तिसऱ्या खेपेला त्या कच्चं चित्र घेऊन आल्या. बाईचा मोठा चेहरा, टपोरे डोळे. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी साफ सांगितलं, “सकाळी खिडकी उघडली की समोर कुणाचा डोळा नको. मला चहा जायचा नाही.” आम्ही सगळे हसलो. त्या मुली हसल्या नाहीत, त्यांनी वहीत लिहून घेतलं. आणि चेहऱ्याच्या जागी होडी आली! चित्रकार बाहेरगावचा, बऱ्यापैकी नाव असलेला. त्याला हे पटवायला त्यांनी किती तोंडाची वाफ दवडली असेल, याची मला कल्पना आहे. चित्रकार मंडळी मी आयुष्यभर पाहिलीत.

त्यानंतर शाळेची परवानगी, वॉर्ड ऑफिसचे हेलपाटे, परांची, आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे भिंतीतली ओल. जुने पोपडे खरवडून, भेगा भरून, प्रायमर मारून भिंत वाळू दिली. प्रत्यक्ष चित्र सहा दिवसांत झालं. त्याआधीचे चार महिने कुणाच्याच फोटोत नाहीत.

पुढे त्याच भिंतीच्या उरलेल्या अर्ध्या भागासाठी सुशोभीकरणाचं कंत्राट निघालं. एका सकाळी उठून पाहतो तर गेरूच्या रंगावर पांढरी वारली! विचारायला कुणी आलं नव्हतं. वारलीबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मी वर्गात पेढे वाटले होते. पण तारपा नाचात नाचणारे तारपा वाजवणाऱ्याकडे पाठ करत नाहीत, एवढं तरी काढणाऱ्याला ठाऊक हवं. आमच्या भिंतीवरची निम्मी मंडळी त्याला पाठ दाखवून नाचतायत. म्हणजे वारली काढणाऱ्यानं वारल्यांनाही विचारलेलं नाही. दुसऱ्याच पावसाळ्यात पोपडे सुटले, कारण ओलीवरच रंग चढवलेला. मुंबईच्या सुशोभीकरणासाठी २०२२ मध्ये सुमारे १,७०० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली होती. त्यातले रंगावर किती आणि रहिवाशांशी बोलण्यावर किती, हे आपल्या वार्ताहरानं एकदा खोदून पाहावं.

मोठ्या संस्थांचं कामही मी पाहिलंय. ‘स्टार्ट इंडिया फाउंडेशन’नं २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ससून डॉकवर प्रदर्शन भरवलं, तेव्हा मी मुलांना घेऊन गेले होते. १८७५ ची ती गोदी, पहाटेपासून मासळीचा लिलाव, कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या रांगा, आणि त्यातच कलाप्रदर्शन. गोदीवर राबणाऱ्यांचे, कोळणींचे, भिंतभर मोठे काळेपांढरे चेहरे लावले होते. संस्थेचे संस्थापकांपैकी एक हनीफ कुरेशी यांनी तर गोदीच्या वासावरच कलाकृती केली होती. लोक जिथे नाकाला रुमाल लावून येतात तिथे वासाचाच विषय, हे मला फार आवडलं. मुलं एका चेहऱ्यापाशी रेंगाळली तर मागून मासळीची पाटी घेतलेल्या कोळणीची आरोळी आली, “ओ बाई, पोरांना बाजूला घ्या, पाटी लागंल!” तिथला एक स्वयंसेवक धावत आला. मला वाटलं, कोळणीला थांबवेल. तर त्यानं आम्हालाच भिंतीला चिकटवलं आणि वाट मोकळी करून दिली. गोदी आधी तिची, मग चित्राची, हे त्या पोराला कुणीतरी शिकवलं असणार. अशी शिकवण्याची जागा कुठल्या अंदाजपत्रकात असते?

हनीफ कुरेशी २०२४ च्या सप्टेंबरमध्ये गेले, जेमतेम चाळिशीत. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांची अक्षरं फ्लेक्सच्या लाटेत वाहून जाऊ नयेत म्हणून त्यांनी ती गोळा करून संगणकावर आणली होती. आमच्या तालुक्याच्या गावी प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात पेंटरचं नाव असायचं. त्या कोपऱ्यातल्या नावांना मान देणारा माणूस म्हणून मला ते जवळचे वाटत.

दुसरं उदाहरण लांबचं आहे. लेक अमेरिकेत असल्यानं फिलाडेल्फियाला जाणं झालं. तिथे भिंतींवर चितारणाऱ्या पोरांना आवरण्यासाठी शहरानं १९८४ मध्ये मोहीम काढली आणि त्यात जेन गोल्डन या चित्रकर्तीला घेतलं. पोरांना पकडून देण्याऐवजी तिनं त्यांच्याच हाती ब्रश दिले. त्यातून ‘म्युरल आर्ट्स’ उभं राहिलं. आजवर ४,००० हून अधिक भित्तिचित्रं झालीत. तिथे चित्राचे तुकडे पातळ कापडावर आखतात. पॅराशूट कापड म्हणतात त्याला. प्रत्येक आकारात रंगाचा क्रमांक लिहितात आणि वस्तीतल्या कुणालाही रंगवायला बसवतात. परांचीवर चढायला नको, चित्रकला यायला नको. मग ते कापड भिंतीला चिकटवतात. मीही एक पान रंगवलं, क्रमांक सात, शेवाळी हिरवा. शेजारी बसलेल्या आजी रेषेबाहेर जात होत्या. मला टोकायचा मोह झाला, सवय जात नाही.

पण मला तिथली खरी गंमत वाटली ती पैशांच्या रचनेची. हे काम शहराच्या कारभाराचा भाग आहे आणि त्याला जोडून एक ना-नफा संस्थाही आहे. शहराचा आधार असल्यामुळे माणसं टिकतात, देणग्यांमुळे नवं काम निघतं, आणि जुनी चित्रं दुरुस्त करणं हेही कामच मानलं जातं. आपल्याकडे नेमकं तेच होत नाही. कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना नफ्यातले २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि त्या यादीत कला-संस्कृतीही आहे. पण पैसा येतो नव्या भिंतीसाठी, कारण फीत नव्या भिंतीचीच कापता येते. वही घेऊन दारोदार फिरणाऱ्या मुलीचा पगार कुणालाच द्यायचा नसतो.

या संस्थांना डोक्यावर घ्या असं माझं म्हणणं नाही. रंगाच्या कंपनीच्या पैशावर चित्रं होत असतील तर ती वस्तीसाठी की जाहिरातीसाठी, हे विचारलंच पाहिजे. जिथे नळाला पाणी नाही तिथली भिंत रंगवून काय साधलं, हेही. काही संस्थांमध्ये ‘स्वयंसेवक’ म्हणून कलाशाळेतल्या पोरांना उन्हात फुकट राबवतात. माझा एक विद्यार्थी तीन आठवडे राबून प्रमाणपत्र घेऊन आला, प्रवासखर्चही मिळाला नाही. ट्रस्ट नोंदला की धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातो, पण रहिवाशांना कोण हिशेब देतं? ज्यांच्या दारासमोर चित्र उभं राहतं त्यांनाही तो मिळायला हवा.

माझी मागणी छोटी आहे. भिंतीच्या प्रत्येक कंत्राटात दोन रकाने वाढवा: रंगाआधी रहिवाशांशी बोलण्याचा खर्च आणि पुढच्या पाच पावसाळ्यांची डागडुजी. हे काम येतं अशा संस्थेला त्याचे रीतसर पैसे द्या. आणि फोटोखाली त्यांची नावं छापा. जागा कमी पडली तर उद्घाटनवाल्यांपैकी दोघं गाळा.

आमच्या भिंतीवरच्या होडीचं शीड आता अर्धं सुटलंय. पहिली दोन वर्षं त्या मुली पावसाळा संपला की रंगाचे डबे घेऊन येत, बहुतेक पदरमोड करून. मग येणं थांबलं. संस्था बंद पडली असं ऐकते. आजोबा आता नव्वदीला टेकलेत. परवा खिडकीतून मला हाक मारून म्हणाले, “बाई, त्या वहीवाल्या पोरींचा नंबर आहे का तुमच्याकडे?” होता. लावून पाहिला, लागत नाही.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, मुंबई