नातीसाठी रकाना कुठला?

महोदय,

माझी अकरा वर्षांची नात घरीच शिकते. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, त्यामुळे आधी मुलाशी चांगलीच भांडले. आता ती भाजीवाल्या मावशींजवळ बसून पावशेर-सव्वा किलोचे हिशेब चुटकीसरशी सांगते.

परवा सर्वेक्षणाला आलेल्या बाईंनी तिला ‘शाळाबाह्य’ लिहिलं. बिचाऱ्यांच्या कागदावर दुसरा रकानाच नव्हता. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम १० म्हणतं, मुलाला जवळच्या शाळेत घालणं पालकाचं कर्तव्य. न घातल्यास शिक्षा मात्र सांगत नाही. मग आम्ही कुठे बसतो?

मुलगा म्हणतो, सरकारचा संबंधच काय! हे मला पटत नाही. वीटभट्टीवर धाकटी भावंडं सांभाळणाऱ्या पोरींना मी याच कायद्याच्या जोरावर वर्गात आणलं होतं. वर्षातून एकदा कुणीतरी येऊन नातीच्या वह्या बघाव्यात. चहा आमच्याकडे.

– एक आजी, नाशिक