टोपीला जागा ठेवलीय

कोल्हापूर,
गुरुवार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई काठीशिवाय चालायला लागली असं दादानं फोनवर सांगितलं. म्हणून आता हे लिहायला हरकत नाही. बाबा, आधी एवढं ऐका : आपल्या ट्रायम्फ स्पिटफायर गाडीच्या मूळ लोखंडी हार्डटॉपला, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या टणक छताला, मी करवत लावलेली नाही. तो शेडमध्ये चेन-पुलीला टांगलाय, खाली आईच्या दोन वाकळा अंथरल्यात. कापलाय तो त्याचा फायबरचा जुळा भाऊ.

जोतिबावरून येताना वळिवानं गाठलं, कापडी हूडची शिवण उसवली आणि आई म्हणाली, "ही गाडी न्हवं, चालतीफिरती न्हाणी हाय." त्यानंतर ती हिच्यात बसलीच नाही. हार्डटॉप चढवला की पावसाचं भागतं, पण तुमची टोपी छताला घासते. आणि खरी अडचण आईची. गाडी उघडी असली की काचेची चौकट धरून उभ्या उभ्या आत पाय टाकता येतो, मग सावकाश टेकायचं. छत असलं की मान, कंबर, गुडघा, सगळं एकदम वाकवावं लागतं. ऑपरेशननंतर ते कसं जमणार?

कुंभार गल्लीत गणपतीचे साचे करणारा एकजण ओळखीचा आहे. त्याच्याकडून शिकले. हार्डटॉपला मेण घासायचं आणि त्यावर फायबर मॅट, रेझिन, पुन्हा मॅट असे थर द्यायचे. पहिल्यांदा मागच्या कोपऱ्यात मेण कमी पडलं. साचा असा चिकटला की लाकडी पाचरी ठोकताना चिरफाळला आणि जाताना मूळ रंगाचा हातभर पापुद्रा घेऊन गेला. (बाबा, रागवायचं ते इथं रागवून घ्या.) वर दिवस श्रावणाचे. दमट हवेत रेझिन वरून चिकटच राहतं. पाचव्या दिवशीसुद्धा बोट लावलं की ठसा उमटायचा. गणपती गेले, ऊन पडलं, मग दुसरा साचा धरला.

त्यातून निघालेलं छत पन्हाळीच्या वर चौफेर कापलं आणि मध्ये दीड इंचाची पट्टी भरली. त्यामुळं काचा, रबर, बोल्टची भोकं सगळं जुन्याच मापाचं राहिलं. इटलीच्या मिकेलॉटीनं आखलेली, १९६२ साली बाजारात आलेली या गाडीची रेघ बाजूनं बघितली तर बिघडलीय, खोटं कशाला बोलू! आपले मिस्त्री म्हणाले, "फेटा बांधल्यागत दिसतीया." मला चाललं. तुम्हीच सांगायचा ना, ट्रायम्फच्याच हेराल्ड गाडीचं छत बोल्ट काढले की निघतं, आणि स्पिटफायर म्हणजे त्याच हेराल्डची चासी आखूड करून केलेली गाडी. मद्रासच्या स्टँडर्ड हेराल्डचे पुढच्या सस्पेन्शनचे पार्ट हिला बसवताना तुम्ही कुठं मूळपणाचा हट्ट धरला होता?

आता आईसाठी केलंय ते. डाव्या दाराच्या वर, आतून, लोखंडी पट्टी फायबरच्या थरांत गाडलीय. नुसत्या फायबरला बोल्ट मारून भार दिला तर ते भोकापासून चिरत जातं. पट्टीचं मागचं टोक छत बॉडीला आवळणाऱ्या बोल्टवर घेतलंय. आईला धरायला त्या पट्टीवर पट्टा. चप्पल लाइनीत दुपदरी चामडं घेऊन चामड्याच्याच वादीनं शिवून घेतला, मुठीपाशी वेणी घालून. बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं, बंद गाडीत त्याचा वास भरून राहतो. दार उघडलं की नव्या चपलांच्या दुकानात शिरल्यासारखं वाटतं. मी स्वतः लोंबकळून बघितलं, ६४ किलो. कुरकुरलंसुद्धा नाही.

पाइपनं तासभर पाणी मारलं. पुढच्या उजव्या कोपऱ्यात अजून थेंब येतोय, म्हणजे नेमका चालवणाऱ्याच्या मांडीवर. बीडिंग बदलून बघते.

दादाकडून टेप मागून घ्या. बाबा, टोपी घालून खुर्चीत पाठ टेकून बसा आणि बैठकीपासून टोपीच्या टोकापर्यंत किती भरतं ते कळवा. आई, तू बसून डावा हात न ताणता वर कुठवर नेतेस तेही मोजून घे. पट्ट्याला शेवटचं भोक अजून पाडलेलं नाही.

तुमची,
धाकटी