उधारीची वही आणि आमदारकी : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

साहेब, जळगाव जिल्ह्यात, अमळनेर तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावी माझं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत आणि कीटकनाशक हे तिन्ही परवाने माझ्या नावावर आहेत आणि ते गल्ल्यामागच्या भिंतीवर लावलेले आहेत. माझे वडील एका अडत्याकडे दिवाणजी होते. जूनमध्ये घ्यायला येणारा शेतकरी मी पाहिला, दिवाळीनंतर विकायला येणारा वडिलांनी पाहिला. आज लिहितोय ते आमच्याच धंद्यातून राजकारणात गेलेल्या माणसांविषयी.

खानदेशात अशी माणसं पुष्कळ. कोणी खताचा डीलर, कोणी अडत्या, कोणाची जिनिंग म्हणजे कापसातून सरकी काढायची गिरणी, कोणी रावेर-यावलकडे केळीच्या गाड्या भरणारा, कोणी नंदुरबारकडे मिरचीचा व्यापारी. गावची कर्ज देणारी सहकारी सोसायटी, बाजार समिती, जिल्हा परिषद अशा पायऱ्या चढत काही जण विधिमंडळात आपल्या सभागृहापर्यंत पोचतात. त्यांनी तिथे बसू नये असं माझं म्हणणं मुळीच नाही. त्यांच्याइतकी शेतीची नस कोणाला कळते? माझी हरकत एकाच गोष्टीला आहे. खुर्चीवर बसल्यावरही त्यांच्या दुकानाचं शटर उघडंच राहतं, आणि ते कोणाला दिसत नाही.

हे सगळं कुठून सुरू झालं तेही सांगतो. एके काळी कपाशीचं बियाणं म्हणजे घरची सरकी. १९७० साली आमच्या शेजारी सुरतेला एच-४ हा संकरित कापूस निघाला. व्यापारी लागवडीचा तो जगातला पहिला कापूस संकर. संकरित बियाणं दरसाल विकतच घ्यावं लागतं. २००२ साली बीटीला, म्हणजे बोंडअळीला तोंड देण्यासाठी जनुक बदललेल्या कापसाला, परवानगी मिळाली आणि घरच्या सरकीचा उरलासुरला विषयही संपला. तेव्हापासून खानदेशातला कापूसवाला वर्षातून एकदा तरी कृषी केंद्राची पायरी चढतोच. दुकानाबाहेरचं बाकडं ही गावची चावडी झाली.

आणि आत गल्ल्यात असते उधारीची वही. जूनचं खत-बियाणं कापूस आला की फिटतं, नाही फिटलं तर आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ताणलं जातं. आखाजीला सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे गडी ठरतात, तसे आमचेही हिशेब त्याच सुमाराला होतात. कोणाची मोटर जळाली, कोणाच्या पोरीचं लग्न निघालं, कोणाची विहीर आटली, कोणाचं सोसायटीचं कर्ज थकलं, हे सगळं त्या वहीत पानापानावर दिसतं. निवडणुकीला उभं राहणाऱ्याला याहून चांगली मतदारयादी कुठे मिळणार? आमच्यातले लोक पुढारी होतात ते यामुळे. त्यात वावगंही काही नाही. ऐन पेरणीत पैशावाचून अडलेल्याला ज्याने बियाणं दिलं, त्याला माणूस मत देणारच.

गाठ पुढे बसते. तोच बियाणं देतो, तोच उधारी लिहितो, आणि खेडा खरेदीत दारात कापूस मोजून घेतो तोही तोच. काटाही त्याचाच. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८,११० रुपये हमीभाव ठरला. पण तो घ्यायचा तर ॲपवर नोंदणी, केंद्रावर नंबर, मग ओलाव्याची तपासणी आणि पैसे खात्यात येण्याची वाट. ज्याच्या नावावर वहीत साठ हजार पडलेत, तो हमीभाव सोडतो आणि म्हणतो, ‘शेठ, मोजून घ्या, वजा करून टाका.’ हाच शेठ बाजार समितीत संचालक असेल, तर त्या काट्याची तक्रार तो कोणाकडे करणार?

आता माझ्याच गल्ल्यावरचं सांगतो. काही वर्षांपूर्वीचा जून. दोन चांगले पाऊस होऊन गेले होते आणि युरियाची गाडी दुपारी उतरली होती. गोणी ४५ किलोची, किंमत २६६ रुपये ५० पैसे. गाडीबरोबर मी न मागितलेल्या, कंपनीच्या दुसऱ्याच मालाच्या बाटल्यांचे खोके आले होते. ते घेतले नाहीत तर पुढची गाडी मिळणार नाही, असं फोनवर साफ सांगितलं होतं. आमच्यात याला लिंकिंग म्हणतात. केंद्र सरकार ते चुकीचं ठरवतं, कारवाईचे इशारेही निघतात. बोरी नदीकाठचा एक शेतकरी तीन गोण्या घ्यायला आला. खताची विक्री नोंदवणाऱ्या पॉस मशीनवर अंगठा देऊन झाला. मी गोण्यांच्या पावतीवर एक बाटलीही लावली. तो म्हणाला, ‘भाऊ, माले निस्ता युरिया पाहिजे. हाई बाटली लिसन मी काय करू?’ मी खाली मान घालून म्हटलं, ‘घ्यावीच लागेल, दादा.’ त्याने उपरण्याची गाठ सोडली, नोटा दोनदा मोजल्या आणि बाटली बंडीच्या खिशात घालून गेला.

कापसाचे पैसे आल्यावर तो बाकीची उधारी द्यायला आला, तेव्हा बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून परत आणली होती. सीलही तुटलेलं नव्हतं. मी तिची रक्कम वजा केली. ती बाटली माझ्या मांडणीवर अजून आहे. कंपनीने परत घेतली नाही आणि विकायला माझा हात धजत नाही.

त्या दिवशी मी चुकलो हे मला कबूल आहे. पण हे कुठून येतं, गाडी कोण अडवतं, फोन कोणाचा असतो, पावतीवर काय लिहितात आणि काय लिहीत नाहीत, हे ज्यांना हाताच्या रेषांसारखं ठाऊक आहे अशी माणसं आपल्या सभागृहात बसतात. चोर बीटी, म्हणजे बेकायदा बीटी बियाणं, मध्य प्रदेश आणि गुजरातच्या बाजूने कशी येते तेही त्यांना ठाऊक असतं. गुलाबी बोंडअळीची साखळी तुटावी म्हणून १ जूनच्या आत कापूस लावू नका असं आपलं खातं दरवर्षी सांगतं. ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची किंमत २०२५ साली ९०१ रुपये होती. तरी मागणीच्या वाणाचं पाकीट ब्लॅकने का विकलं जातं आणि मधला पैसा कोणाच्या हाती राहतो, हे त्यांना विचारा. ते बोलले तर आपल्याला वेगळी समिती नेमायची गरज नाही.

२०२३ साली बियाणं, खत, कीटकनाशकांच्या भेसळीवर विधेयकं आली. नोव्हेंबरमध्ये विक्रेत्यांनी तीन दिवस दुकानं बंद ठेवली, माझंही शटर खाली होतं. आमचं म्हणणं साधं होतं: पाकीट कंपनीचं, सील कंपनीचं, आतला माल बोगस निघाला तर आधी मला का धरता? त्या दिवसांत मला एक वाक्य ऐकायचं होतं. कोणीतरी सभागृहात उठून म्हणावं, ‘अध्यक्ष महोदय, माझ्या घरी खताची एजन्सी आहे, हे आधी सांगतो, आणि मग मला जे माहीत आहे ते सांगतो.’

असं सांगून काम करता येतं. २९ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर शंभराव्या वर्षी गेले. ‘शेंगदाण्याचा शेतकरी’ असं पेपरात वाचलं आणि मी त्यांच्याविषयी शोधून शोधून वाचलं. ते आमच्याच धंद्यातले निघाले, साहेब. १९५३ साली वडील वारले, तेव्हा नौदलातली नोकरी सोडून ते प्लेन्स या आपल्या गावी परतले. भुईमुगाचं बियाणं आणि खत विकायचं, शेंगा साठवायच्या, फोडून द्यायच्या, असा धंदा. अशाच गोदामातून ते राज्याच्या सिनेटवर गेले, गव्हर्नर झाले आणि १९७७ साली राष्ट्राध्यक्ष झाले. तेव्हा त्यांनी धंदा विश्वस्ताच्या हाती दिला, आणि त्यात स्वतः लक्ष घालायचं नाही असं ठरवून दिला. तरीही गोदामाच्या कर्जाचा पैसा निवडणुकीत गेला का, याची १९७९ साली खास वकील नेमून चौकशी झाली. त्यात तसं काही निघालं नाही. १९८१ साली पद सोडून घरी आले, तेव्हा धंद्यावर सुमारे दहा लाख डॉलरचं कर्ज चढलेलं होतं. गोदाम विकावं लागलं.

त्याच देशात त्यांच्या आधी हेन्री वॉलेस होऊन गेले. त्यांनी १९२६ साली संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली, तीच पुढे पायोनियर या नावाने मोठी झाली. १९३३ साली ते कृषिमंत्री झाले. म्हणजे बियाणेवाला कृषिमंत्री होणं जगाला नवं नाही. आपल्याकडे कोणाचा धंदा बुडावा अशी माझी इच्छा नाही. राष्ट्राध्यक्षाच्या गोदामाची वही तपासायला माणूस नेमता येतो, हे मात्र माझ्या मनातून जात नाही.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. मंत्र्यांसाठी आचारसंहिता आहे. पद घेण्याआधी मालमत्ता, देणी आणि धंद्यातले हितसंबंध मुख्यमंत्र्यांना कळवायचे, मालकी राहिली तरी धंदा चालवण्याशी संबंध तोडायचा, आणि धंदा सरकारला माल पुरवणारा असेल तर त्यातून पुरतं बाहेर पडायचं. पण कळवायचं मुख्यमंत्र्यांना, जनतेला नाही. आणि व्यवस्थापन नवरा-बायकोत फिरवता येत नसलं, तरी सज्ञान मुलाकडे देता येतं. आमच्याकडे तर दुकान नाहीतरी पोरगाच सांभाळतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९-अ सरकारशी कंत्राट असलेल्याला अपात्र ठरवतं, पण खताचा परवाना म्हणजे कंत्राट नव्हे. उमेदवारीच्या प्रतिज्ञापत्रात व्यवसायाचा रकाना असतो. त्यात ‘शेती व व्यापार’ एवढं लिहिलं की भागतं. कसला व्यापार हे कोणी विचारत नाही.

याचा त्रास कसा होतो ते तालुक्याच्या गुणनियंत्रण निरीक्षकाच्या जागी उभं राहून पाहा. आढावा बैठकीत ज्यांच्यासमोर त्याला अहवाल वाचायचा असतो, त्यांच्याच घरच्या दुकानातून त्याने खताचा नमुना काढायचा. माणूस कितीही सरळ असो, त्याची गाडी त्या दुकानासमोर थांबणं अवघड आहे. माझ्यासारख्याच्या दुकानासमोर मात्र ती हमखास थांबते.

बाजार समितीचं तर उघड आहे. अठरा संचालकांत पंधरा जागा सोसायटी आणि ग्रामपंचायत गटांच्या, दोन व्यापारी-अडत्यांच्या, एक हमाल-मापाऱ्यांची. १९६३ च्या कायद्याने उभी राहिलेली ही रचना कागदावर शेतकऱ्याचीच आहे. पण सातबाऱ्यावर स्वतः शेतकरी आणि गाळ्यावर घरच्याच कोणाच्या नावाने अडत, असा माणूस सोसायटी गटातून निवडून आला, की दोनाचे किती झाले हे मोजायचं कोणी? वडील सांगायचे, काट्याजवळ उभा राहणारा आणि काट्याचा भाव ठरवणारा एकाच ताटात जेवायला लागले, की शेतकऱ्याने बैलगाडी वळवावी. आता बैलगाड्या राहिल्या नाहीत. पिकअपचं भाडं आधीच भरलेलं असतं, ती वळवता येत नाही.

म्हणून मागतो ते एवढंच. मंत्री, आमदार, जिल्हा परिषद सदस्य आणि बाजार समितीचा संचालक, यांच्या एका चुलीवर जेवणाऱ्या कोणाच्याही नावावर बियाणं, खत, कीटकनाशक, अडत किंवा जिनिंगचा परवाना असेल, तर त्याचा क्रमांक खात्याच्या संकेतस्थळावर तालुकावार लागावा. परवाने सरकारच्या आणि बाजार समित्यांच्या दप्तरी आहेतच, नवीन काही गोळा करायचं नाही. ज्याच्या घरी अडतीचा परवाना आहे त्याने बाजार समितीत शेतकऱ्यांच्या जागेवर उभं राहू नये, त्याच्यासाठी दोन जागा आहेतच. अशा घरच्या दुकानाचे नमुने दुसऱ्या जिल्ह्याच्या निरीक्षकाने काढावेत. आणि लिंकिंगची तक्रार माझ्यासारख्या छोट्या दुकानदाराला करता यावी, तीही नाव बाहेर न फुटता. आज तक्रार केली की त्या हंगामात गाडी बंद होते, आणि शेतकरी मलाच शिव्या देतो.

उधारीच्या पावतीचंही पाहा. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बियाणं फसलं तर शेतकरी ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो. पण त्याच्या हाती बिलच नसेल तर तो जाणार कसा? उधारीवर दिलेल्या मालाचं पक्कं बिल त्याच दिवशी, लॉट नंबरसह मिळालं पाहिजे. माझ्याकडून हे व्हायला फार उशीर झाला. आता मी देतो.

शेवटी घरची गोष्ट लिहितो, कारण ती लपवून हे पत्र पाठवणं बरं नाही. माझा धाकटा भाऊ बाजार समितीला उभं राहायचं म्हणतो, शेतकरी गटातून. त्याच्या नावावर शेती आहे आणि तो राबतोही. पण त्याच्या बायकोच्या नावावर अडतीचा परवाना आहे. मी त्याला म्हटलं, तू व्यापारी गटातून उभा राहा, मी तुझ्यासाठी गावोगाव फिरेन. तो म्हणतो, नियमात कुठे लिहिलंय, बाकीचे सगळे तसंच करतात. बायकोच्या परवान्याविषयी तसा नियम मलाही सापडला नाही. दिवाळीपासून आमच्यात बोलणं कमी झालंय. समितीची निवडणूक लागण्याआधी नियम निघणार असेल तर कृपया कळवावं, म्हणजे मला त्याला दाखवता येईल.

आपला,
एक कृषी सेवा केंद्रचालक
ता. अमळनेर, जि. जळगाव